जावईबापूंची सेकंडहँड बोट आणि सासूबाईंची कंबर

पत्र (थोडं कापून): "नमस्कार. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. मुलगी-जावई फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला असतात, आम्ही दोघं दरवर्षी डिसेंबरात जातो ते मार्च संपेपर्यंत तिकडेच. जावयांना मासे पकडायचा भयंकर नाद, घरात कोणी खात नाही तरी, पकडतात आणि परत सोडतात. आता सतरा फुटी सेकंडहँड फ्लॅट्स बोट बघितलीय, २००५ चं मॉडेल, इंजिन मात्र नवीन फोर स्ट्रोक टाकलेलं. विकणाऱ्याने व्हिडिओ पाठवलाय, त्यात बोट अगदी स्मूद चाललीय, म्हणतो राइड मऊ आणि कोरडी. जावई म्हणतात सगळे मिळून खाडी ओलांडून पलीकडे जाऊ, आई पण येतील. हिच्या मणक्यात गॅप आहे, डॉक्टरांनी धक्के टाळा म्हणून बजावलंय. नातू पाच वर्षांचा. लाटांत बोट किती आपटेल हे घ्यायच्या आधी ओळखायचं कसं? आणि मी पडलो सासरा, फार बोललो तर बरं दिसत नाही."

उत्तर:

काका, नमस्कार. शेवटचं आधी घेतो. बरं दिसत नाही वगैरे सोडा, मणका तुमच्या घरातला आहे तेव्हा ताकाला जाऊन भांडं लपवू नका. फक्त "ही बोट घेऊ नका" असं म्हणू नका, तिथे जावयाचा अहंकार आडवा येतो आणि मग तो हीच बोट घेतो. एवढंच म्हणा की ट्रायल वाऱ्याच्या दिवशी दुपारी ठेवा आणि मी पण बरोबर येतो. पुढचं बोलायचं काम बोट स्वतः करते.

मी तिकडेच, जावई म्हणतात त्याच खाडीच्या, म्हणजे टँपा बेच्या काठावर बरीच वर्षं बोट दुरुस्तीच्या यार्डात फायबरग्लासचं काम करायचो, त्यामुळे असले व्हिडिओ माझ्या चांगले ओळखीचे. सकाळी सातला, वारा पडलेला, पाणी आपल्या आजवा सरोवरासारखं सपाट, बोटीत एकटा मालक आणि टाकीत पाव टाकी पेट्रोल. अशा पाण्यात दरवाजाची फळी टाकली तरी स्मूद चालेल. व्हिडिओ खोटा नसतो, पण तुम्ही विचारताय त्याचं उत्तर त्यात नसतं.

बाकी वाचकांसाठी दोन शब्द. फ्लॅट्स म्हणजे गुडघाभर पाण्याचा, समुद्री गवताचा सपाट उथळ पट्टा, रेडफिश, स्नूक, ट्राउट असले मासे तिथे चरायला येतात. त्या पाण्यात आवाज न करता शिरता यावं म्हणून ही बोट बनवलेली, सोळा ते अठरा फूट लांब, काठ बुटके, वजनाला हलकी, जेमतेम आठ-दहा इंच पाण्यात तरंगणारी, मागे इंजिनच्या वर एक उंच प्लॅटफॉर्म, त्याच्यावर उभं राहून लांब काठीने बोट ढकलत न्यायची. ह्यूज, मॅव्हरिक, हेल्स बे, ॲक्शन क्राफ्ट ही त्यातली गाजलेली नावं. आता उथळ पाण्यात तरंगायचं तर तळ सपाटीकडे झुकलेला हवा, आणि लाट मऊ कापायची तर तळ खोल व्ही हवा, दोन्ही एका बोटीत पूर्ण मिळत नाही हो. प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने मधला कुठलातरी मुद्दा पकडलाय. म्हणून "राइड कशी आहे" ह्या प्रश्नाला अर्थच नाही, किती वाऱ्यात, किती स्पीडला, किती माणसं घेऊन असं विचारलं तरच काहीतरी हाताला लागतं.

आणि तुमच्या बाबतीत गंमत अशी की तुम्ही जाता तोच तिकडचा वाऱ्याचा सीझन. उन्हाळ्यात सकाळी टँपा बे शांत असते, वारा आणि गडगडाट दुपारनंतर. डिसेंबर ते मार्च मात्र उत्तरेकडून एकामागून एक कोल्ड फ्रंट, म्हणजे गार हवेच्या लाटा, येतात, फ्रंट यायच्या आधी दक्षिणेचा वारा, मग तो पश्चिमेकडून यायला लागतो, मग उत्तरेचा गार वारा दिवस-दोन दिवस दणकून चालतो. खाडीची सरासरी खोली बारा फुटांच्या आसपास, लांबी मात्र ईशान्य-नैऋत्य अशी मैलोनमैल, त्यामुळे उत्तर किंवा ईशान्येचा वारा सुटला की पाण्यावरून लांब पळत येतो आणि उथळ पाण्यात लाट उंच नाही पण आखूड आणि खडी उठते, दोन लाटांत अंतरच नाही. आणि ओहोटीचं पाणी नैऋत्येला, आखाताकडे चाललेलं असताना वारा नैऋत्येकडून, बरोबर समोरून आला तर लाट आणखी उभी राहते. ह्याला तिकडे चॉप म्हणतात. मोठ्या समुद्रातली लांब लाट बोटीला उचलते आणि ठेवते, चॉप नुसता ठोकतो. कमरेचा खरा वैरी हाच.

तिकडच्या हवामान खात्याच्या मरीन फोरकास्टमध्ये खाडीसाठी लाइट चॉप, मॉडरेट चॉप, चॉपी असे शब्द येतात, शेजारी वारा नॉट्समध्ये. एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर, म्हणजे पंधरा नॉट्सचा वारा ताशी जवळजवळ अठ्ठावीस किलोमीटर. उत्तरायणला गच्चीवर उभं राहून वारा ओळखणाऱ्या बडोदेकराला हे वेगळं सांगायला नको. ट्रायल बारा ते पंधरा नॉट्सच्या दिवशी घ्या, वीसच्या पुढे नको, तेव्हा छोट्या बोटींना इशारा लागतो आणि ट्रायलच्या नावाखाली जीव धोक्यात घालण्यात काही शहाणपणा नाही. विकणारा म्हणेल आज वारा आहे, उद्या सकाळी या. तुम्ही हसून म्हणा, वारा आहे म्हणूनच आलोय.

आता तळाचं. बोटीच्या मागच्या टोकाला जी उभी फळी असते, जिच्यावर इंजिन टांगतात, तिला ट्रान्सम म्हणतात. तिथे तळाचा व्ही किती अंशाचा आहे त्याला डेडराइज. खोल समुद्राच्या बोटींत तो वीस ते चोवीस अंश असतो, बे बोट म्हणून जी थोडी मोठी जात असते तिच्यात पंधराच्या आसपास, आणि फ्लॅट्स बोटीत त्याहून कमी, काहींत तर जवळपास सपाट. विकणारे अंश फेकतात तेव्हा विचारा, कुठला, नाकाचा की मागचा? नाकाला तळ सगळ्यांचाच धारदार असतो, त्यामुळे तो आकडा ऐकायला छान वाटतो. पण बोट वेगात आली की नाक हवेत आणि सगळं वजन मागच्या एक तृतीयांश तळावर, मग आपटतो तो मागचा चपटा भाग. छकडोत, म्हणजे आपल्या गुजरातेतल्या तीनचाकीत बसून खराब रस्त्यावरून जोरात गेल्यावर जे होतं तेच.

म्हणजे राइड नुसती तळात नसते, चालवण्यात पण असते, आणि ट्रायलमध्ये नेमकं काय बघायचं ते ह्याच्यातूनच निघतं. लोक जाऊन विचारतात टॉप स्पीड किती. तो आकडा तुमच्या काही कामाचा नाही. तुम्हाला बघायचंय की ही बोट कमीत कमी किती स्पीडला प्लेनवर टिकते, प्लेनवर म्हणजे पाण्याच्या वर उचलून सरकणं. चॉपमध्ये ताशी पंचवीस मैलाने कोणीच सुखाने जात नाही, तुम्ही हळू करणार, आणि हळू केल्यावर जी बोट बारा-चौदा मैलाला नाक खाली ठेवून सरळ चालत राहते तिच्यात माणूस बोलत-बोलत घरी पोचतो. जी अठराच्या खाली आली की मागचा भाग पाण्यात बसवून नाक आभाळाकडे करते, तिच्यात दोनच पर्याय, आपटत जा नाहीतर कासवगतीने भिजत जा.

नाक खाली ठेवायचं काम ट्रिम टॅब्ज करतात, ट्रान्समच्या खाली दोन बाजूंना दोन पत्रे असतात, बटणाने वरखाली होतात. ते दोन्ही पूर्ण खाली येतात आणि पूर्ण वर जातात का ते ट्रेलरवर असतानाच बघा, जुन्या बोटीत एक मेलेला असणं अगदी नेहमीचं. मग पाण्यात समोरून येणाऱ्या लाटेत टॅब खाली आणि इंजिनचा ट्रिम, म्हणजे इंजिनचा तिरपेपणा, आत घेऊन चालवायला सांगा. तिथे बोट नाकाच्या धारेने कापायला लागली आणि आवाज थडथड वरून सूं-सूं वर आला तर तळ चांगला आहे. उलट लाटा पाठीमागून येत असतील तेव्हा टॅब वर पाहिजेत, नाहीतर नाक पुढच्या लाटेत घुसतं. हे सुद्धा करून बघा, बुटक्या काठाच्या बोटीत पुढून पाणी चढलं की ते पायापर्यंत येतं आणि किती वेळात बाहेर जातं ते डोळ्यांनी दिसतं.

मग वारा तिरका घ्या, नाकाच्या डाव्या बाजूने, मग उजव्या बाजूने. "कोरडी" बोट म्हणजे काय ते इथे कळतं. समोरच्या वाऱ्यात सगळ्याच बऱ्यापैकी कोरड्या असतात, तिरक्या वाऱ्यात उडालेलं पाणी सरळ बसलेल्यांच्या अंगावर. जानेवारीत उत्तरेच्या वाऱ्यात भिजून अर्धा तास बसणं म्हणजे काकूंना हुडहुडी नक्की. शेवटी इंजिन बंद करा आणि बोट आडवी वाहू द्या. खालून लाटेचा चप-चप आवाज किती येतो, डोलते किती, दोघं एका बाजूला उभे राहिले तर काठ पाण्याच्या किती जवळ येतो. सपाट तळाची बोट इथे एकदम भक्कम वाटते, धक्क्याला बांधलेली असताना तर फारच, आणि त्यानेच लोक फसतात, उभी असताना डुलत नाही म्हणजे चालताना पण चांगली असणार असं धरून चालतात.

आणि सगळी माणसं घेऊन जा. तुम्ही, जावई, विकणारा, टाकी भरलेली, आइसबॉक्सही भरलेला. हलक्या बोटीचं वागणं एका माणसाने बदलतं. काकूंना ट्रायलला नेऊ नका, त्यांच्या जागी तुम्ही बसा, पुढे कन्सोलच्या, म्हणजे स्टिअरिंग असलेल्या खोक्याच्या समोर गादीवाली सीट असते ना तिथे पाच मिनिटं बसून बघा, तिथे बसलेला माणूस पुन्हा "राइड मऊ" म्हणाला तर मला कळवा.

ह्या बोटीबद्दल मला सगळ्यात खटकलेली गोष्ट वेगळीच आहे, ते नवीन इंजिन. बोट २००५ ची. त्या काळात अशा बऱ्याच बोटींवर टू स्ट्रोक असायचं, वजनाला हलकं, आणि तळाचा तोल त्या वजनावर बेतलेला. त्यावर जड फोर स्ट्रोक टांगलं तर मागचा भाग बसतो, नाक उचलतं, प्लेनवर यायला वेळ लागतो, आणि वर सांगितलं ते सगळं बिघडतं. बोट पाण्यात उभी असताना दोन माणसं मागे उभी करा आणि बघा पाणी बाहेर जायची भोकं पाण्याखाली जातात का, पाणी उलटं आत येतं का. वीस फुटांच्या आतल्या मोटरबोटीवर तिकडे कपॅसिटी प्लेट लावावीच लागते, किती माणसं, एकूण किती वजन, जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर, ते सगळं तिच्यावर असतं. इंजिन त्या हॉर्सपॉवरच्या वर असेल तर विषय तिथेच संपला.

दुसरं, इंजिन बदललं कधी आणि का? २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने हेलेन आणि मिल्टन अशी दोन हरिकेन त्याच किनाऱ्यावर आली, हेलेनच्या वेळी तर त्या भागात समुद्र घरांत शिरला होता. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या बोटी नंतर धुऊन-पुसून, इंजिन बदलून बाजारात येतात. सगळ्याच नवीन इंजिनवाल्या तशा नसतात, बऱ्याच जणांचं इंजिन नुसतं थकलेलं असतं. पण बिल बघायला मागा, तारीख बघा. कन्सोलचं झाकण काढून वायरचं एक टोक सोलून बघा, तांबं लालसर किंवा कल्हईमुळे चंदेरी असेल तर ठीक, हिरवं-काळं असेल तर पुढे बोलू नका. ट्रान्समवर उजव्या हाताला बारा अक्षर-आकड्यांचा हल नंबर असतो, शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष, तो टायटलच्या, म्हणजे मालकीच्या कागदाशी जुळला पाहिजे.

मग टॉर्च आणि प्लास्टिकची हातोडी घेऊन बसा. आधीचा मालक बोट कशी आपटत होता ते बोटीवर लिहिलेलं असतं. पुढच्या हॅचमध्ये, म्हणजे झाकणाखालच्या कप्प्यात, डोकं घालून तळ आणि आडवी भिंत जिथे फायबरने जोडलीय तिथे बघा, पांढरी रेघ किंवा सुटलेली कड दिसली तर जोड उचकटलाय. प्लॅटफॉर्मच्या पायांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा, प्लॅटफॉर्म धरून हलवला की डेक पण हलतो, ही पण तीच गोष्ट. ट्रान्समवर हातोडी ठोकत जा, टणक आवाज येत येत मध्येच थप्प झाला तर आत पाणी. एखाद्या स्क्रूखालून तपकिरी पाण्याचा ओघळ वाळलेला दिसला आणि ट्रान्सममध्ये प्लायवूड असेल तर ते सडायला लागलंय. इंजिनच्या खालच्या टोकाला धरून हलकेच वरखाली दाबा, ट्रान्सम वाकताना दिसला तर घरी या.

आणि एक चावटपणा माहीत असू द्या. तळातल्या फोममध्ये पाणी भरलेली बोट जड होते, आणि जड बोट चॉपमध्ये खरोखर मऊ चालते! म्हणजे ट्रायलमध्ये अपेक्षेपेक्षा छान राइड मिळाली तर खूश व्हायच्या आधी ट्रेलरसकट ट्रकच्या वजनकाट्यावर न्या, कंपनीचं कोरडं वजन, इंजिन, पेट्रोल, ट्रेलर यांची बेरीज करा, शे-दीडशे किलो कुठून जास्तीचे आले ह्याचं उत्तर विकणाऱ्याकडे नसेल तर तुम्हाला मिळालंच. हे सगळं झाल्यावर स्वतंत्र मरीन सर्व्हेयर लावा, त्याची फी लागते पण जावयांना बोटीच्या किमतीपुढे ती जाणवणार नाही. बयाणा देतानाच ट्रायल आणि सर्व्हे पास झाला तरच व्यवहार असं लिहून घ्यायला सांगा.

आता काकूंचं. स्पष्टच सांगतो, मणक्यात गॅप असताना सतरा फुटी फ्लॅट्स बोटीतून हिवाळ्यात खाडी ओलांडायची नाही, बोट कितीही चांगली निघो. खाली बसलेल्या माणसाच्या कमरेत धक्का सरळ चढतो, उभा माणूस निदान गुडघ्यात वाकवून घेतो, आणि मध्ये जहाजांचा खोल चॅनल आहे, एखादं मालवाहू जहाज गेलं की त्याची लाट वारा नसताना पण येते. पण ह्या बोटीचा मोठा फायदा असा की ती ट्रेलरवर बसते. पलीकडच्या उथळ पाण्यात जायचंय ना, मग सनशाइन स्कायवे पुलावरून गाडीने जा, टोल भरा आणि पलीकडच्या रॅम्पवर बोट पाण्यात सोडा, वारा ज्या बाजूने असेल त्या किनाऱ्याच्या आडोशाला. वारा दहा नॉट्सच्या आत असेल त्या दिवशी काकूंना मागच्या बाजूला, मध्यभागी, पाठ टेकायला मिळेल अशा सीटवर बसवून किनाऱ्या-किनाऱ्याने हळू फिरवा, डॉक्टर हो म्हणाले तर. डॉल्फिन दिसतात, बगळे दिसतात, त्यांना मजा येईल. जावयांना पंचवीस मैलाने उडवायची हौस असेल तर ती त्यांनी मित्रांबरोबर भागवावी.

नातवाचं वेगळं सांगायला नको. सव्वीस फुटांच्या आतल्या चालत्या बोटीत सहा वर्षांखालच्या मुलाला लाइफ जॅकेट घालणं फ्लोरिडात कायद्यानेच सक्तीचं आहे, आणि हरणी तलावात जानेवारी २०२४ मध्ये शाळेची मुलं घेऊन गेलेली बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या ते बडोद्यात कोण विसरलंय, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. तेव्हा कायद्याचं सोडा, सगळ्यांनीच घाला, आणि प्लेटवर चार लिहिलं असेल तर पाचवा माणूस काठावर थांबेल. इंजिन बंद करणारी लाल दोरी जावयांच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली पाहिजे, तोही २०२१ पासूनचा नियम आहे. जावई १९८८ किंवा नंतरचे असतील तर बोट चालवायला तिकडचा सेफ्टी कोर्स लागतो, केला असेलच.

तुम्ही तळाशी विचारलंय की अशी बोट बडोद्यात आणता येईल का. अजिबात नको. खंभातच्या आखातात भावनगरकडे भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्याही वर जातो, पाणी गढूळ, प्रवाह जोरदार, ही बोट त्या पाण्यासाठी नाहीच.

जावयांकडून तीन फोटो मागवा आणि मला पाठवा: कपॅसिटी प्लेटचा, इंजिनवरच्या मॉडेल नंबरचा, आणि बोट पाण्यात उभी असताना बाजूने काढलेला, मागे दोन माणसं उभी करून. इंजिनचं वजन बोटीला झेपतंय की नाही ते त्यावरून सांगतो, मग ट्रायलचं तिकीट काढायचं की नाही ते ठरवा.